‘ययाति’ : विद्यार्थ्यांच्या वाचनगटात नीतीची चर्चा प्रवचन होऊ नये म्हणून

अंत्रुज :

गोव्यातल्या फोंडा आणि डिचोली भागात अकरावीपासून कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंतच्या मुलांचे वाचनगट चालतात, आणि पहिली मोठी कादंबरी म्हणून बऱ्याच ठिकाणी वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ घेतली जाते. निवड उत्तम आहे. चर्चा मात्र पुष्कळदा एकाच जागी अडकते. कुणीतरी म्हणतं, “ययाति विषयलंपट होता म्हणून त्याची अशी अवस्था झाली.” सगळे माना डोलावतात, दहा मिनिटांत बोलणं संपतं आणि उरलेला तासभर गट चालवणारा स्वतःच बोलत राहतो.

मुलं लहान आहेत म्हणून असं होत नाही, प्रश्न चुकल्यामुळे होतं. ‘ययाति चूक की बरोबर?’ याचं उत्तर ययाति स्वतःच देऊन ठेवतो. सगळं घडून गेल्यावर, पश्चात्तापाच्या सुरात तो बोलतो आहे. गुन्हेगारानेच निकाल वाचून दाखवल्यावर विद्यार्थ्याने करायचं काय? म्हणून प्रश्न निकालाचा नको, एकेका निर्णयाचा हवा.

मी सुचवतो ती पद्धत अशी. गट दहा ते बारा जणांचा. सहाच्या खाली गेला तर दोघे गैरहजर राहिले की बैठक मोडते, पंधराच्या वर गेला तर मागचे चौघे नुसते ऐकायला येतात. बैठक दीड तासाची, पंधरा दिवसांनी एक, अशा पाच. कादंबरी साधारण चारशे पानांची आहे, म्हणजे दर बैठकीला ऐंशी पानं, दिवसाला सहा. पण भाग पाडताना पानं मोजू नयेत, निवेदक बदलतो तिथे तोडावं. राजा ययाति, त्याची राणी देवयानी आणि देवयानीची दासी झालेली राजकन्या शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात, त्यात ययातीचा वाटा सर्वांत मोठा. एखाद्याचं निवेदन मधेच तोडलं की त्या माणसाची बाजू अर्धवट राहते आणि मुलं अर्ध्यावरच मत बनवून येतात. मग एक भाग सत्तर पानांचा झाला आणि दुसरा शंभरचा, तरी बिघडत नाही.

प्रत्येकाकडे एक वही आणि तिच्यात पाच रकान्यांचा तक्ता: निर्णय कुणी घेतला, त्या घडीला त्याला काय माहीत होतं, दुसरी कोणती वाट खुली होती, किंमत कुणी मोजली, आणि हे आपल्याला कोण सांगतंय. प्रत्येक भागातून फक्त दोन निर्णय निवडायचे. जास्त निवडायला सांगितले की मुलं कथानकाचा सारांश लिहून आणतात.

उदाहरणादाखल अलकेचा, राजवाड्यातल्या दासीच्या मुलीचा, विषाने झालेला मृत्यू घ्या. निर्णय राजमातेचा, म्हणजे ययातीच्या आईचा आहे, किंमत अलका मोजते आणि सांगतो ययाति. त्या प्रसंगाच्या ओळी मुलांना प्रत्यक्ष मोजायला लावा. अलकेला काय वाटलं याला किती ओळी आणि ययातीला काय वाटलं याला किती? हे मोजून झाल्यावर चर्चा आपोआप सुरू होते, कुणाला ढकलावं लागत नाही.

कुणी वेगळ्या तऱ्हेने घेत असेल तर इथे लिहावं. विशेषतः महाभारतातली मूळ कथा कधी सांगायची, याबद्दल.


कुळागर :

अंत्रुज सर, पाचवा रकाना महत्त्वाचा. बाकीचे चार कुठल्याही कादंबरीला लागतील, पाचवा ‘ययाति’साठीच हवा.

मूळ कथेबद्दल माझं मत असं की ती पहिल्या बैठकीत सांगू नये. पेडणे, सत्तरी, डिचोली भागातली मुलं दशावतार आणि कीर्तनं ऐकत वाढलेली असतात. कच-देवयानीची गोष्ट, विहिरीतून हात धरून बाहेर काढणं, शुक्राचार्यांचा शाप, पुरूने दिलेलं तारुण्य हे त्यांना तोंडपाठ असतं. अगोदर मूळ कथा सांगितली की वाचताना त्यांचं सगळं लक्ष ‘इथे बदललंय, तिथे बदललंय’ यातच जातं. दुसरी बैठक झाल्यावर एका पानाचं टिपण द्यावं.

त्या टिपणात काय असावं ते सांगतो. महाभारताच्या आदिपर्वात देवयानीला यदु आणि तुर्वसु हे दोन मुलगे, शर्मिष्ठेला द्रुह्यु, अनु आणि पुरू हे तीन. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा झालेला ययाति पाचही जणांकडे तारुण्य मागतो. चौघे नाही म्हणतात, त्यांना तो शाप देतो. धाकटा पुरू हो म्हणतो आणि त्याला राज्य मिळतं. तिथे ययाति हजार वर्षं भोग भोगतो आणि मग त्याला उमगतं:

न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति ।
हविषा कृष्णवर्त्मेव भूय एवाभिवर्धते ॥

हवी टाकल्याने अग्नी जसा भडकतो तशी वासना उपभोगाने वाढतच जाते, हा त्याचा भाव. हाच श्लोक मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातही आहे. खांडेकरांनी मुलांची संख्या कमी केली, एकीला यदु आणि दुसरीला पुरू. त्यामुळे सगळा ताण दोन आया आणि दोन मुलगे यांच्यात एकवटला.

इथे विचारण्यासारखा खरा प्रश्न आज्ञाधारकपणाचा आहे. मूळ कथेत ‘नाही’ म्हणणाऱ्या चौघांना शिक्षा होते. त्यांचं म्हणणं काय होतं? म्हातारपणात अन्नपाण्याची गोडी जाते, बळ जातं, रूप जातं, चाकरसुद्धा अवमान करतात. यातलं खोटं काय आहे? बापाने आपल्या सुखासाठी मुलाचं आयुष्य मागावं का, हा प्रश्न आधी, आणि पुरू थोर का हा नंतर. क्रम उलटा झाला की सगळे पुरूच्या पितृभक्तीवर निबंध लिहितात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना हा प्रश्न अगदी जवळचा असतो. कुठली शाखा घ्यायची, धंदा सांभाळायचा की शिकायचं, हे त्यांच्या घरात रोज चाललेलं असतं. ते त्यांनी गटात सांगायची गरज नाही. पुरूबद्दल बोलताना ते आपोआप येतं आणि तेवढं पुरे.


सुरंगी :

शर्मिष्ठेबद्दल लिहिते, कारण तिच्यापाशी आलं की बहुतेक गट एका शब्दावर थांबतात: त्याग. राजकन्या असून कुळासाठी दासी झाली, केवढा त्याग! आणि पुढचं पान.

इथे थांबवून तीन गोष्टी सुट्या कराव्या लागतात. पहिली, तिने होकार दिला हे खरं, पण नकार दिला असता तर काय होणार होतं? शुक्राचार्य निघून गेले असते. संजीवनी त्यांच्यापाशी, म्हणजे युद्धात मेलेले दैत्य पुन्हा उठणार नाहीत. अख्ख्या राज्याचा भार एका मुलीच्या ‘हो’वर ठेवल्यावर त्या होकाराला स्वेच्छा म्हणायचं का? दुसरी, वृषपर्वा राजा आहे आणि बापही आहे. त्याने यातलं कोणतं कर्तव्य निवडलं? तिसरी, भांडणात चूक कुणाची होती हे ठरलं तरी शिक्षा चुकीच्या मापाची आहे का? दोन मुलींचं विहिरीजवळचं भांडण आणि जन्मभराचं दास्य. मुलं पहिल्या प्रश्नावर पटकन बोलतात, तिसऱ्यावर गप्प होतात. त्या गप्प बसण्याला किमान अर्धा मिनिट द्या. गट चालवणाऱ्याला ते लांब वाटतं आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

एक करून बघण्यासारखं आहे. ज्या घटना देवयानीच्या निवेदनात येतात आणि शर्मिष्ठेच्याही, त्यातली एक निवडा. दोघींची पाठोपाठ दोन-दोन पानं मोठ्याने वाचा, मधे काहीही बोलू नका. वाचणाऱ्या दोघी किंवा दोघे वेगळे हवेत. मग विचारा: दोघींनी सांगितलेली आणि जुळणारी गोष्ट कोणती, एकीनेच सांगितलेली कोणती, आणि दुसरीने ती का सोडली असेल? देवयानीला वाईट ठरवून बसलेली मुलं इथे हलतात. तिची बाजू तिच्याच तोंडून ऐकली की ती नुसती अहंकारी राहत नाही. कचाने नाकारलेली, बापाच्या लाडात आणि धाकात एकाच वेळी वाढलेली मुलगी दिसायला लागते. तिने केलेलं म्हणून क्षम्य होत नाही, पण कळायला लागतं.

आणखी एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. या कादंबरीत राजा आणि दासी यांचे संबंध आहेत, दारूच्या नशेतलं वागणं आहे, एका मुलीला विष देऊन मारणं आहे. अकरावीची मुलं सोळा वर्षांची असतात. गट सुरू होण्याआधी, पहिल्या बैठकीला, तीन गोष्टी स्पष्ट सांगून ठेवाव्या. चर्चा पात्रांची होईल, कुणी स्वतःचे अनुभव सांगायचे नाहीत आणि कुणाला विचारायचेही नाहीत. एखादा भाग मोठ्याने वाचायचा नसेल तर नुसतं ‘पुढे’ म्हणायचं, कारण द्यावं लागणार नाही. आणि बैठकीनंतर कुणाला एकट्याने बोलायचं असेल तर कुणाशी बोलायचं ते नाव ठरलेलं असावं, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. शाळा-कॉलेजचा गट असेल तर तिथल्या समुपदेशकाला वेळापत्रक अगोदर देऊन ठेवावं.

राजा आणि दासी या नात्यात ‘प्रेम’ म्हणायचं केव्हा, हा प्रश्न टाळू नका. ययाति आणि शर्मिष्ठा यांच्यात ओढ खरी आहे, हे दोघांच्याही निवेदनावरून दिसतं. पण ती दासी आहे, तिला तिथून जायची मुभा नाही, आणि गोष्ट उघड झाल्यावर रातोरात लहानग्या पुरूला घेऊन राजधानी सोडते ती, तो नाही. चौथ्या रकान्यात नाव कुणाचं येतं ते बघा.


तेरेखोल_पैलतीर :

सुरंगीताई, शेवटचा मुद्दा फार नेमका.

मी प्रस्तावनेबद्दल सांगतो. खांडेकरांनी कादंबरीला स्वतः विस्तृत विवेचन जोडलं आहे. त्यात ययातीला ते आजच्या सर्वसामान्य माणसाचा प्रतिनिधी मानतात, सुखामागे धावताना विवेक हरवलेल्या माणसाचा. हे विवेचन मुलांना सर्वांत शेवटी द्यावं, पाचव्या बैठकीच्या आधी आठवडाभर. अगोदर दिलं की पुस्तकाचा ‘अर्थ’ हाती आला असं त्यांना वाटतं आणि पुढची चारशे पानं ती त्या अर्थाचे पुरावे शोधत वाचतात. परीक्षेची सवय असते, दोष त्यांचा नाही.

लेखकाची ओळख मात्र पहिल्या बैठकीत जरूर, आणि पेडण्याच्या मुलांना तर नकाशावर दाखवून. तेरेखोल नदी ओलांडली की थोड्याच अंतरावर सिंधुदुर्गातलं शिरोडा. तिथल्या शाळेत खांडेकर १९२० ते १९३८ शिक्षक होते. १९३० चा मिठाचा सत्याग्रह शिरोड्याच्या मिठागरांवर झाला तेव्हा ते त्याच गावात होते. नंतर ते कोल्हापूरला गेले. १९६० साली ‘ययाति’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९७४ चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं, मराठीतलं पहिलं. ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ या वादात ते जीवनाच्या बाजूने ठाम उभे होते, हे दोन वाक्यांत सांगितलं तरी पुरतं. एवढ्या माहितीला दहा मिनिटं. त्याहून जास्त दिली की लेखकाचा जयंती-कार्यक्रम होतो.


म्हादई :

तेरेखोल बाब, प्रस्तावना शेवटी ठेवण्याला माझा विरोध आहे.

खांडेकर आपला हेतू लपवणारे लेखक नाहीत. त्यांना काही सांगायचं आहे आणि ते सांगतात. वाचकापासून ते मुद्दाम चार बैठका दडवून ठेवायचं आणि मग ‘बघा, लेखकाचं म्हणणं हे होतं’ असं काढून दाखवायचं, यात मुलांना खेळवल्यासारखं होतं. शिवाय मुलं हुशार आहेत, प्रस्तावना पुस्तकातच छापलेली असते, ती वाचणारच. मग निम्म्यांनी वाचलेली आणि निम्म्यांनी न वाचलेली असा गट सांभाळणं सर्वांत कठीण.

त्यापेक्षा ती सुरुवातीलाच सगळ्यांनी मिळून वाचावी आणि तिच्यावर एकच काम द्यावं: लेखकाने केलेले दोन दावे वहीत पहिल्या पानावर उतरवून घ्यायचे. पुढे प्रत्येक बैठकीत त्या दाव्यांपुढे बरोबर, अर्धवट किंवा ‘पुस्तक वेगळं सांगतं’ असं लिहीत जायचं. लेखकाचा हेतू आणि पुस्तकात प्रत्यक्ष उतरलेलं यात फट असते. ती फट शोधायला शिकणं म्हणजेच वाचायला शिकणं. ‘सर्वसामान्य माणसाचा प्रतिनिधी’ हा दावाच घ्या. ज्या माणसाच्या शब्दावर दास-दासींचं जगणं-मरणं ठरतं तो सर्वसामान्य कसा? दुसऱ्या बैठकीपर्यंत कुणीतरी हे विचारतंच.

आता कचाविषयी. पुस्तकाचा नैतिक आराखडा तीन टोकांचा आहे. ययाति भोगाचा, त्याचा थोरला भाऊ यति देहाचा आणि स्त्रीचा द्वेष करणाऱ्या कोरड्या वैराग्याचा, आणि कच संयमाचा. म्हणजे खांडेकर वासनेला सरसकट पाप ठरवत नाहीत. यतीची दुर्दशा त्यासाठीच दाखवली आहे. ज्या गटात यति चर्चेतून सुटतो तिथे कादंबरीचा अर्थ ‘भोग वाईट, संन्यास चांगला’ एवढाच उरतो, आणि तो साफ चुकीचा आहे. तिसऱ्या बैठकीत पंधरा मिनिटं फक्त यतीसाठी राखून ठेवा.

पण कच फार निर्दोष आहे. मुलांना तो एक तर पूजनीय वाटतो नाही तर कंटाळवाणा, आणि दोन्हीकडे विचार थांबतो. त्यासाठी त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करावा. आरोपपत्राला मूळ कथा कामाला येते. आदिपर्वात देव कचाला पाठवताना स्पष्ट सांगतात की देवयानीला प्रसन्न केलंस तर तिच्या वडिलांकडून, शुक्राचार्यांकडून, संजीवनी विद्या मिळेल. तो नाच, गाणं, फुलं-फळं आणून तिला संतुष्ट करतो. दैत्य त्याला मारतात तेव्हा तिच्याच हट्टामुळे शुक्राचार्य त्याला पुन्हा जिवंत करतात. तिसऱ्या वेळी त्याची राख मद्यातून गुरूच्या पोटात जाते, तिथेच त्याला विद्या मिळते. बाहेर आल्यावर देवयानी लग्नाचं विचारते तेव्हा तो म्हणतो, मी तुझ्या वडिलांच्या पोटात राहिलो, तू बहीण झालीस. तिने शाप दिला, त्याने उलट शाप दिला. एका बाजूला देवांचं काम, दुसऱ्या बाजूला एका मुलीचं मन. मोठ्या कामासाठी माणसाला साधन म्हणून वापरलं तर तो दोष किती? आणि खांडेकरांचा कच यापेक्षा वेगळा कुठे आहे, ते कादंबरीतून दाखवायचं. चौघे आरोपाच्या बाजूने, चौघे बचावाचे, बाकीचे पंच. प्रत्येक विधानाला कादंबरीतलं ठिकाण द्यावंच लागेल, नाही दिलं तर ते बाद. चाळीस मिनिटांत आटोपतं.


तेरेखोल_पैलतीर :

दोन दावे उतरवून घेण्याची कल्पना चांगली आहे, म्हादई. कॉलेजच्या मुलांसाठी मी ती मान्य करतो. अकरावीच्या गटात मात्र मी प्रस्तावना शेवटीच ठेवीन. दाव्याकडे संशयाने बघायचं बळ त्या वयात पहिल्या आठवड्यात येत नाही, छापलेलं ते खरं असा समज घट्ट असतो. दोन-तीन बैठका तक्ता भरून झाला की ते बळ येतं.


पाटो_पूल :

एक व्यवहाराचा प्रश्न. मुलं वाचून येतच नाहीत. मोबाइलवर सारांश मिळतो, तो वाचून येतात आणि छान बोलतात. काय करावं? आणि दहा-बारा प्रती मिळवायच्या कुठून?


अंत्रुज :

पाटो_पूल, प्रतींचं आधी सांगतो. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करावी, मग तालुक्याचं आणि गावातलं ग्रंथालय. ‘ययाति’ सतत छापली जाते, त्यामुळे जुन्या-नव्या आवृत्त्यांची सरमिसळ होणार आणि पृष्ठांक जुळणार नाहीत. बैठकीत अर्धा वेळ ‘कुठल्या पानावर?’ यातच जातो. यावर उपाय म्हणजे पान सांगायचंच नाही. निवेदकाचं नाव, त्याचं कितवं निवेदन, आणि परिच्छेदाचे पहिले तीन शब्द, असा पत्ता द्यायचा. पहिल्याच बैठकीत सगळ्यांनी आपापल्या प्रतीतल्या निवेदनांना पेन्सिलीने क्रमांक घालून घ्यावेत. दहा मिनिटांचं काम आहे. छायाप्रती काढून पूर्ण पुस्तक वाटू नका, तो हक्काचाही भंग आहे आणि सुटी पानं तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकतही नाहीत.

सारांशाबद्दल: वाचलं का, हे विचारण्यात अर्थ नाही. जे सारांशात असूच शकत नाही ते मागायचं. प्रत्येकाने येताना एक वाक्य उतरवून आणायचं, वरच्या पद्धतीच्या पत्त्यासह, आणि ते तिथे का खटकलं हे दोन ओळींत. किंवा असा प्रश्न: या भागात निवेदक कुणाचा उल्लेख टाळतो? कुठल्या प्रसंगाला घाईने उरकतो? ययाति पुष्कळ बोलतो, पण सगळ्यांबद्दल सारखं बोलत नाही. हे वाचल्याशिवाय कळत नाही. ज्यांना वाचायला खरोखर जड जातं त्यांची गोष्ट वेगळी. खांडेकरांची भाषा अलंकारिक आहे, पहिली पन्नास पानं अडतात. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा अर्धा तास जोडीने मोठ्याने वाचन ठेवा. दोघं मिळून अर्ध्या तासात आठ-दहा पानं सहज होतात आणि पुढचं त्यांचं ती वाचतात.

दोघेतिघेच बोलत राहतात, ही तक्रारही नेहमीची. त्यावर चिंचोके वापरावे. प्रत्येकाला तीन, बोललं की एक मधल्या वाटीत टाकायचा, संपले की फक्त ऐकायचं. बारा जणांचे छत्तीस चिंचोके, प्रत्येक बोलणं दीड मिनिटाचं धरलं तर चोपन्न मिनिटं. सुरुवातीची पंधरा मिनिटं वाचनाला आणि शेवटची वीस मिनिटं तक्ता पुरा करायला उरतात, दीड तास नीट बसतो. एक खबरदारी: हातात चिंचोके उरले म्हणून कुणाला बोलायला भाग पाडू नये. उरलेला चिंचोका पुढच्या बैठकीत चालेल असं सांगितलं की गप्प मुलं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आपणहून बोलतात.


आबोली :

शापाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून. नहुषाला मिळालेला शाप, की त्याची मुलं कधी सुखी होणार नाहीत, हा कादंबरीभर ययातीच्या डोक्यावर असतो. मूळ नहुष इंद्रपदाला पोचलेला, इंद्राणीचा हव्यास धरलेला, ऋषींना पालखीला जुंपून लाथ मारणारा. अगस्त्यांच्या शापाने तो साप झाला. मुलाच्या वाट्याला बापाच्या कर्माचं ओझं आलं, इथवर ठीक. पण ययाति ते ओझं किती वेळा ढालीसारखं पुढे करतो, हे मोजायला हवं.

करायचं असं: तक्त्यातले ययातीचे सगळे निर्णय एका कागदावर ओळीने लिहा आणि प्रत्येकापुढे ‘शाप नसता तर?’ असं विचारा. आईपुढे अलकेच्या बाबतीत तो गप्प राहिला, ते शापामुळे की भीतीमुळे? शर्मिष्ठेची गोष्ट देवयानीपासून लपवली, ती शापामुळे? राज्यकारभार देवयानीवर टाकून स्वतः अशोकवनात विलासात बुडाला, तेही? यादी झाली की मुलांना दिसतं की एकही मोठी उडी नाही, सगळ्या छोट्या पायऱ्या आहेत, आणि पहिल्या दोन-तीन तर कुणाच्याही हातून घडाव्यात अशा. ‘व्यसन वाईट’ या वाक्यापाशी अडकलेला गट इथून पुढे सरकतो, कारण आता प्रश्न व्यसनाचा राहत नाही, कुठल्या पायरीवर परत फिरता आलं असतं हा होतो. माझ्या मते दारू ही बरीच पुढची पायरी आहे. गप्प बसणं ही पहिली.

देवयानीने राज्य चालवलं, याकडेही लक्ष वेधा. तिच्या गर्वाबद्दल सगळे बोलतात, या कामाबद्दल क्वचितच.


कुळागर :

आबोलीबाय, ‘शाप नसता तर’ फार उपयोगाचं आहे, चौथ्या बैठकीत बसवतो.

नाटकाबद्दल एक सूचना. आपल्याकडे देवळातल्या उत्सवी नाटकांमुळे आणि मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकींच्या चालींमुळे वि. वा. शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’ मुलांच्या घरात गाण्यांतून पोचलेलं असतं. १९६६ चं हे नाटक, गोवा हिंदु असोसिएशनने रंगभूमीवर आणलेलं. त्याची गाणी पहिल्या-दुसऱ्या बैठकीत ऐकवू नयेत. सूर इतके गोड आहेत की ययाति प्रेमात पडलेला रसिक राजा होऊन बसतो आणि मुलं कादंबरीतली माणसं नाटकातल्यासारखी समजू लागतात. शेवटच्या बैठकीत ऐकवा आणि विचारा, या गाण्यातला ययाति आणि आपल्या तक्त्यातला ययाति एकच आहे का?

तिथेच गिरीश कार्नाड यांच्या ‘ययाति’चाही (१९६१) उल्लेख करावा. त्यात पुरूची नवपरिणीत पत्नी चित्रलेखा आहे. नवऱ्याने तारुण्य देऊन टाकलं त्याची किंमत तिच्या वाट्याला येते आणि ती विष घेते. पुरूच्या त्यागाची किंमत आणखी कुणी मोजली असेल, हा प्रश्न कार्नाडांनी उघड विचारला. आपल्या चौथ्या रकान्यात मुलांनी पुरूपुढे कुणाचं नाव लिहिलंय ते अगोदर बघा आणि मग चित्रलेखेबद्दल सांगा.


पाटो_पूल :

आभार सगळ्यांचे. शेवटी लेखी काम काय द्यावं? आणि आमच्या गटातली निम्मी मुलं घरी कोंकणी बोलतात, मराठीत बोलताना अडखळतात.


सुरंगी :

कोंकणीत बोलू द्या. उतारा वाचायचा तो मराठीतून, मत कुठल्याही भाषेत. इंग्रजी माध्यमातली मुलं इंग्रजी शब्द घालतील, तेही चालू द्यावं. मत सुधारायचं असेल त्या क्षणी भाषा सुधारत बसू नये. लिहिताना मराठी, आणि त्यासाठी आठवड्याचा वेळ.

लेखी काम दोनशे शब्दांचं, एकाच निर्णयावर. आधी काय वाटत होतं, कुठल्या उताऱ्याने ते हललं, आता काय वाटतं. मत बदललं नसेल तर विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम उतारा देऊन तो का पटला नाही ते लिहायचं. पाचशे शब्द मागितले की गाइडातलं ‘मानवी जीवनाचे विदारक दर्शन’ येतं. तपासताना निष्कर्षाला गुण देऊ नका. उतारा अचूक आहे का, निवेदक कोण याचं भान आहे का आणि किंमत मोजणाऱ्याचं नाव आलंय का, एवढं बघा. ‘ययातीने शर्मिष्ठेवर अन्याय केला’ हे वाक्य अपुरं आहे. ‘गोष्ट उघड झाल्यावर शर्मिष्ठेला मूल घेऊन जावं लागलं आणि ययाति राजवाड्यातच राहिला, हे तो स्वतः सांगतो तेव्हा स्वतःच्या विरहाबद्दल जास्त बोलतो’ हे पुरं आहे. असा एक नमुना फळ्यावर लिहून दाखवला की बाकीचं ती करतात.


म्हादई :

एक जोड. कॉलेजच्या मुलांना दुसरा पर्याय द्या: जी पात्रं स्वतः बोलत नाहीत, अलका, यति, पुरू, राजमाता, दासी मुकुलिका, त्यातल्या एकाचं निवेदन एका पानात लिहायचं. अट एकच, कादंबरीत घडलेल्या घटना बदलायच्या नाहीत. राजमातेचं लिहायला कुणी सहसा तयार होत नाही. पण ते सर्वांत कठीण आहे म्हणून गट चालवणाऱ्याने स्वतः ते लिहून आणावं आणि मुलांना तपासायला द्यावं.


अंत्रुज :

राजमातेचं मी लिहितो. पहिली बैठक जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवतोय, चतुर्थीला एक खाडा धरून पाचवी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास येते, सत्राच्या परीक्षांच्या आधी. रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा. संध्याकाळ पावसाळ्यात नको, आतल्या गावच्या मुलांना परतीची बस मिळत नाही. तक्त्याचा नमुना आणि आदिपर्वाचं टिपण ज्यांना हवं असेल त्यांनी इथे हात वर करावा, रविवारपर्यंत चढवतो.